स्वतःच्या सभेत उभे राहून युद्धाला नकार देणारे लेखक

धरमपेठकर

युद्धाला विरोध करणारे लेखक म्हटले की आपल्यापुढे बहुतेक वेळा युद्ध संपल्यावर लिहिलेली पुस्तके येतात. एरिश मारिया रेमार्क यांची पश्चिम आघाडीवरील कादंबरी पुस्तकरूपाने १९२९ मध्ये आली, तेव्हा पहिले महायुद्ध संपून दहा वर्षे झाली होती. ड्रेस्डेनवरील बॉम्बवर्षावातून युद्धकैदी म्हणून वाचलेल्या कर्ट व्हॉनेगट यांची कादंबरी यायला १९६९ साल उजाडले. या पुस्तकांचे मोल मी कमी लेखत नाही. रेमार्क यांचे पुस्तक नाझींनी १९३३ मध्ये जाहीरपणे जाळले आणि दहा वर्षांनी त्यांच्या बहिणीचा शिरच्छेद केला, हे ज्याला ठाऊक आहे तो ते कमी लेखणारच नाही. तरीही या धाग्यात मला चर्चा हवी आहे ती दुसऱ्या प्रकारच्या लेखकांची: स्वतःचा देश लढत असताना, किंवा लढाईचा ठराव मांडला जात असताना, आपल्याच माणसांच्या सभेत उभे राहून ज्यांनी नकार दिला त्यांची. शत्रूच्या युद्धाचा निषेध करायला फारसे धैर्य लागत नाही, आणि संपलेल्या युद्धाचा निषेध करताना निदान शेजारी तरी तुटत नाहीत. शांततेच्या बाजूने लिहिलेल्या शब्दाचे वजन या दोन सवलती नसताना किती भरते, यावरून त्याची पारख करावी, असे माझे मत आहे.

नागपुरात बसून हा विचार करताना सर्वप्रथम आठवतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभा केलेला सिद्धार्थ. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांची जी दुकाने लागतात त्यांत तो हमखास असतो आणि आपल्या शहरातील असंख्य घरांत तो आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घराबाहेर पडला ही परंपरेने चालत आलेली कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यांपैकी काहीच पाहिले नसेल हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा साधा आक्षेप होता. त्यांचा सिद्धार्थ हा शाक्य संघाचा, म्हणजे शाक्यांच्या राज्यसभेचा, सभासद आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्या नोकरांत मारामारी होते, सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव ठेवतो आणि सिद्धार्थ त्याला विरोध करायला उभा राहतो. युद्धाने प्रश्न सुटत नाही, उलट दुसऱ्या युद्धाचे बी पेरले जाते, एवढे बोलून तो खाली बसत नाही. आगळीक कोणाची याची आधी चौकशी व्हावी, शाक्यांनी दोन आणि कोलियांनी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी रीतसर सूचना तो मांडतो. मतदान होते आणि सिद्धार्थ प्रचंड बहुमताने हरतो.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच दिवशी वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात दाखल झाले पाहिजे असा ठराव येतो. आदल्या दिवशी सिद्धार्थाच्या बाजूने मत देणारे आता गप्प बसतात. तो मात्र पुन्हा उभा राहून भरती व्हायला नकार देतो. संघ त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालू शकतो, जमिनी जप्त करू शकतो, याची जाणीव त्याला दिली जाते; तेव्हा माझ्या अपराधाची शिक्षा माझ्या माणसांना देऊ नका, मी स्वतः देशत्याग करतो, असे तो सांगतो. ठराव, दुरुस्ती, मतमोजणी, अल्पमत आणि त्याची किंमत हे सगळे इतक्या बारकाईने लिहिणारा हात संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्याचाच असू शकतो. विरोध करणाऱ्याला हळहळ पुरत नाही, त्याला पर्यायही मांडावा लागतो, हे या प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

असेच दुसरे उदाहरण इंग्लंडचे आहे. कवी सिगफ्रिड ससून हे पहिल्या महायुद्धात पराक्रमाबद्दल मिलिटरी क्रॉस मिळालेले अधिकारी होते. जुलै १९१७ मध्ये त्यांनी एक लहानसे निवेदन लिहिले. संरक्षणासाठी आणि मुक्तीसाठी सुरू झालेले हे युद्ध आता आक्रमणाचे आणि जिंकण्याचे युद्ध झाले आहे, आणि ज्यांच्या हाती ते थांबवणे आहे तेच ते मुद्दाम लांबवीत आहेत, असा त्याचा आशय होता. ३० जुलै रोजी ते ब्रिटिश संसदेत वाचले गेले. त्यांच्यावर कोर्टमार्शल होईल अशी सर्वांची अपेक्षा होती; पण मित्र रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांनी धडपड करून त्यांना वैद्यकीय मंडळापुढे नेले आणि मज्जातंतूंचा विकार ठरवून एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात पाठवले. युद्ध लवकर संपवा म्हणणाऱ्या माणसाला वेडा ठरवण्याची ही सोय तेव्हापासून अनेक राजवटींनी वापरली. त्याच रुग्णालयात त्यांना तरुण सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन भेटले आणि ससून यांनी त्यांच्या कवितांचे खर्डे तपासून दिले. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी आघाडीवर मारले गेले. त्यांच्या आईला तार मिळाली ती ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीच्या घंटा वाजत असताना. याच माउलीने पुढे १९२० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहून कळवले की शेवटचा निरोप घेताना मुलाने गीतांजलीतील ओळी म्हटल्या होत्या आणि त्याच्या खिशातल्या वहीत त्या रवींद्रनाथांच्या नावासह उतरवलेल्या सापडल्या.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, धाम नदीच्या काठचे आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांनी किंवा पैशांनी मदत करणे चूक आहे आणि सर्व युद्धांना अहिंसक प्रतिकार करणे हाच योग्य मार्ग आहे, एवढेच त्या सत्याग्रहाचे घोषवाक्य होते. चार दिवसांत त्यांना अटक झाली. या सत्याग्रहाच्या बातम्या छापू नयेत असे सरकारने बजावले, तेव्हा गांधीजींनी कात्री लावून घेण्याऐवजी आपली साप्ताहिकेच बंद ठेवली. विनोबांना आपण भूदानासाठी ओळखतो. गीतेवर इतके प्रेम करणारा हा लेखक पहिला सत्याग्रही म्हणून तुरुंगात गेला तो युद्धाला विरोध केला म्हणून, हे मात्र आपल्या वर्धा-नागपूर पट्ट्यातही फार थोड्यांना आठवते.

सभासदांनी आपापल्या वाचनातून भर घालावी. मतभेद असल्यास ते अधिक स्वागतार्ह आहेत.

माजी_सैनिक_कामठी

धरमपेठकर साहेब, नमस्कार. लेख आवडला, परंतु मला काही आक्षेप नोंदवायचे आहेत आणि ते स्पष्टपणे नोंदवतो.

युद्ध नको असणाऱ्यांत सैनिक पहिला असतो. आमच्यापैकी ज्यांनी सीमेवर सोबत्याचे सामान बांधून त्याच्या गावी पाठवले आहे, त्यांना युद्धाची भीषणता कोणत्याही कवितेतून शिकावी लागत नाही. पेटीत काय ठेवायचे आणि काय काढून घ्यायचे हा निर्णय तुकडीतल्याच कोणाला तरी घ्यावा लागतो. रक्ताचे डाग पडलेला गणवेश पाठवायचा नसतो. अर्धवट लिहिलेले पत्र पाठवायचे की नाही, यावर आम्ही वाद घातलेले आहेत. म्हणून शांततेची बाजू घेणारा लेखक तेवढा संवेदनशील आणि लढणारा मात्र बधिर, ही विभागणी मला मान्य नाही. आपण दिलेल्या उदाहरणांतही ससून आणि ओवेन दोघेही पुन्हा आघाडीवर गेले. त्यांनी आपल्या माणसांना एकटे सोडले नाही, ही बाब आपल्या लेखात राहून गेली आहे.

माझा मुख्य आक्षेप १९४० च्या पवनारबद्दल आहे. विनोबांबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु सर्व युद्धांना विरोध हे तत्त्व त्या वर्षी सर्वांनी पाळले असते तर पोलंडमधील छळछावण्यांचे दरवाजे कोणी उघडले असते? तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांना पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल १९१८ मध्ये सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि त्याच रसेल यांनी हिटलरविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा दिला. आइन्स्टाइन अनेक वर्षे लष्करी सेवा नाकारण्याचा पुरस्कार करीत होते, पण १९३३ मध्ये त्यांनी बेल्जियममधील एका शांततावाद्याला कळवले की आजच्या परिस्थितीत मी बेल्जियन असतो तर लष्करी सेवा नाकारली नसती. विचार बदलणारी ही माणसे कच्ची होती असे आपण म्हणणार आहात का? आणि १९७१ चे काय? त्या युद्धाने एक नरसंहार थांबला. आपल्या कसोटीप्रमाणे त्या डिसेंबरमध्ये भारतीय लेखकाने दिल्लीत उभे राहून विरोध करायला हवा होता काय?

बर्डीकर

काका, १९७१ चे उत्तर सीमेच्या पलीकडे आहे. पूर्व पाकिस्तानात लष्कराने कारवाई सुरू केली तेव्हा लाहोरमध्ये हबीब जालिब यांनी आपल्याच सरकारला उद्देशून लिहिले की तुम्ही गोळ्यांनी प्रेम पेरायला निघाला आहात आणि देशाचा चेहरा रक्ताने धूत आहात. फैज अहमद फैज यांनीही त्या कत्तलीवर लिहिले. हेच फैज दुसऱ्या महायुद्धात फॅसिझमविरुद्ध म्हणून ब्रिटिश भारतीय सैन्यात लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत गेले होते. म्हणजे युद्धाची बाजू घेणे आणि युद्धाला विरोध करणे या दोन्ही गोष्टी एका प्रामाणिक आयुष्यात घडू शकतात. धरमपेठकरांची कसोटी मला पटते ती याच कारणाने की त्या मार्च-एप्रिलमध्ये बोलण्याची जबाबदारी पाकिस्तानी कवीची होती आणि जालिब यांनी ती उचलली.

इंदोरा_वाचक

बाबासाहेबांच्या ग्रंथाची चर्चा निघाली आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या विहारात पावसाळ्यात, वर्षावासाच्या काळात, हा ग्रंथ दर वर्षी वाचला जातो आणि संघातील मतदानाचे प्रकरण आले की बायाबापड्यांतही चर्चा रंगते. “बाकीचे गप्प का बसले?” हा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतेच, आणि बहुतेक वेळा विचारणारी एखादी म्हातारी असते.

या मांडणीमागे आणखी एका मराठी लेखकाचे काम आहे. धर्मानंद कोसंबी यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक १९४० च्या सुमारास नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने प्रसिद्ध केले. गृहत्यागाचे कारण शोधताना कोसंबींनी सुत्तनिपात या पाली ग्रंथातील अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवले. त्यात बुद्ध सांगतात की शस्त्र हाती घेण्यातूनच भय निर्माण झाले, आणि आटत्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून माझ्या मनात भीती शिरली. महायुद्ध भडकलेले असताना मराठीत हे लिहिले गेले, ही बाब मला लक्षणीय वाटते. कोसंबींचा अंत ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला, अन्नत्यागाने झाला.

आता कामठीच्या साहेबांचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण खुद्द बाबासाहेब दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्धच्या बाजूचे होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे त्यांचा आग्रह होता आणि १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. मग संघात युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ त्यांनी का रंगवला? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर त्यांच्याच लेखनात आहे. बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना ते वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद देतात. न्यायासाठी लढणेही आपल्या अहिंसेत निषिद्ध आहे काय, असे सेनापती विचारतो. शांतता टिकवण्याचे सर्व उपाय थकल्यावर जो न्यायाच्या बाजूने लढतो त्याला दोष देता येत नाही. शांतताभंगाचे कारण ज्याने घडवले त्याच्यावर तो दोष जातो, असे उत्तर त्याला मिळते. धम्मावरील ग्रंथात त्यांनी हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज यांत भेद केला आहे. रोहिणीच्या प्रकरणात उपाय थकले नव्हते; चौकशीसुद्धा झाली नव्हती. सिद्धार्थाचा विरोध नेमका तेथे आहे.

नागपूरकरांना सम्राट अशोक वेगळा सांगावा लागत नाही, म्हणून एकच गोष्ट सांगतो. कलिंगमध्ये एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसे देशोधडीला लागली, याचा पश्चात्ताप अशोकाने तेराव्या शिलालेखात कोरून ठेवला. जिंकलेल्या राजाने स्वतःच्या विजयाविरुद्ध दिलेली अशी जबानी जगात दुर्मीळ आहे. परंतु हा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, नाही. तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांचे घरदार गेले त्यांच्यापुढे राजाने ती कबुली ठेवली नाही. मी अशोकाचा भक्त आहे, तरी ही रिकामी जागा मला टोचत राहते.

शब्दवेल

या धाग्यावर आतापर्यंत स्त्रियांचा उल्लेख फक्त तार घेणारी आई म्हणून आला आहे, म्हणून लिहिते.

रशिया-जपान युद्धात धाकटा भाऊ आघाडीवर असताना जपानी कवयित्री योसानो अकिको यांनी १९०४ मध्ये त्याला उद्देशून कविता लिहिली: तू मरू नकोस, माणसे मारण्यासाठी आईवडिलांनी तुला चोवीस वर्षांचा केला नाही, आणि सम्राट स्वतः तर लढायला जात नाहीत. ही कविता त्यांनी मासिकात छापली, युद्ध चालू असताना छापली, आणि एका प्रतिष्ठित समीक्षकाने त्यांना देशद्रोही ठरवले. धरमपेठकर, तुमच्या कसोटीला ही कविता पूर्ण उतरते. पण पुढचेही सांगायला हवे. १९४२ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, याच अकिकोंनी नौदलातील आपल्या मुलाला शौर्याने लढ असे सांगणारी कविता लिहिली. एकदा दिलेला नकार आयुष्यभर पुरत नाही. पुढच्या युद्धात तो पुन्हा द्यावा लागतो, आणि तेव्हा वय, एकटेपण आणि भोवतालचा गजर हे सगळे विरुद्ध असते.

जपानचेच दुसरे उदाहरण रवींद्रनाथांचे आहे. १९१६ मध्ये तेथे जाऊन त्यांनी राष्ट्रवादाविरुद्ध व्याख्याने दिली आणि टीका ओढवून घेतली. १९३८ मध्ये चीनवरील आक्रमणाचे समर्थन करणारे पत्र त्यांचे जुने स्नेही, कवी योने नोगुची यांनी पाठवले. आशिया आशियाईंसाठी, असा त्यांचा युक्तिवाद होता. कवट्यांच्या मनोऱ्यावर तुम्ही हा आशिया उभारीत आहात, असे रवींद्रनाथांनी उत्तरात लिहिले, आणि ज्या जपानी लोकांवर माझे प्रेम आहे त्यांना मी यश चिंतीत नाही, पश्चात्ताप चिंतितो, अशा शब्दांत शेवट केला. काका, तुम्ही विचारता की आक्रमक समोर असताना लेखकाने काय करावे. मैत्री न तोडता तोंडावर दिलेले हे उत्तर मला आदर्श वाटते. त्यात आक्रमकाला सूट नाही आणि त्याच्या लोकांचा द्वेषही नाही.

आणि इंग्लिश लेखिका वेरा ब्रिटन. पहिल्या महायुद्धात त्यांचा वाग्दत्त वर, जवळचे मित्र आणि शेवटी सख्खा भाऊ मारला गेला. भाऊ आघाडीवर असतानाच त्या फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात परिचारिका होत्या आणि काही काळ त्यांच्याकडे जखमी जर्मन युद्धकैद्यांचा कक्ष होता. ज्या सैन्याच्या गोळीने घरचा माणूस मरू शकतो, त्याच सैन्यातल्या पोराची मलमपट्टी बदलायची आणि मरताना त्याचा हात धरायचा, हे त्यांनी केले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जर्मन शहरांवरील सरसकट बॉम्बवर्षावाविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. हिटलरला हरवायचे हे मान्य केले तरी हॅम्बुर्गमधील लेकरे जाळायची का, हा प्रश्न उरतोच, असे त्यांच्या लेखनावरून मला वाटते. काकांच्या आक्षेपाला विनोबांपेक्षा ब्रिटन यांच्याकडून अधिक नेमके उत्तर मिळेल. डिसेंबर १९४९ मध्ये शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे जागतिक शांततावादी परिषद भरली, तिला त्या आल्या होत्या.

शत्रूच्या मृतांसाठी शोक करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारी रणभूमी पाहते, तेव्हा ती शंभर पुत्रांपाशी थांबत नाही. अभिमन्यूच्या प्रेताशी बसलेली उत्तराही तिला दिसते, आणि तिचे दुःख ती कृष्णाला दाखवते. अभिमन्यू तिच्या मुलांविरुद्ध लढत होता.

अंबाझरी_परिसर

मी फारसा लिहीत नाही, पण हा धागा दोनदा वाचला. आमचे वडील आयुधनिर्माणीत होते. भोंगा झाला की आई चहा ठेवायची आणि सायकल लागल्याचा आवाज आला की आम्ही पुस्तके उघडायचो. आमची शिक्षणे, बहिणींची लग्ने, घर, सगळे त्या पगारावर झाले. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी कामाचे तास वाढले होते आणि वडिलांना आपण देशासाठी काही करीत आहोत याचा अभिमान होता. तो अभिमान खोटा होता असे मी कधीच म्हणणार नाही. पण निवृत्तीनंतर ते एकदा म्हणाले होते, “आपण बनवलेला गोळा कुठे पडला हे कोणी आपल्याला सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.”

माझा प्रश्न असा आहे की या सर्व लेखकांनी सैनिकाला, राजाला आणि कवीला उद्देशून लिहिले. जो कारखान्यात काम करतो त्याच्याशी कोण बोलले?

धरमपेठकर

अंबाझरी_परिसर, तुमच्या प्रश्नाजवळ जाणारे एक नाव आहे, ते म्हणजे बर्था फॉन झुटनर. डायनामाइटचा शोध लावणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. शस्त्रे खाली ठेवा असे बजावणारी त्यांची कादंबरी १८८९ ची, आणि शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, १९०५ च्या. स्फोटकांच्या उत्पादनावर ज्याची संपत्ती उभी होती त्या माणसाशी त्यांनी संबंध तोडला नाही, त्याला त्या आपले म्हणणे लिहीत राहिल्या. मात्र तो मालक होता. मजुराशी बोलणारा लेखक मला झुटनर यांच्यातही सापडत नाही. तुमच्या वडिलांचे वाक्य माझ्या माहितीतल्या पुष्कळ युद्धविरोधी साहित्यापेक्षा पुढचे आहे, आणि ते तुम्ही सविस्तर लिहावे अशी मी मनापासून विनंती करतो.

माजी सैनिक साहेब, पेटीबद्दल आपण लिहिलेला परिच्छेद या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे. सैनिक बधिर असतो असे मी मानत नाही. माझ्या तीन उदाहरणांतील एक लेखक सैनिकच होता, आणि तो पुन्हा आघाडीवर गेला म्हणूनच त्याच्या निवेदनाला भित्रेपणा म्हणता येत नाही. परंतु १९४० बद्दल मी विनोबांची बाजू सोडायला तयार नाही. ज्या देशाला विचारल्यावाचून युद्धात ओढले गेले, त्या देशातील एका माणसाने खेड्यात उभे राहून आपली संमती काढून घेतली. छळछावण्या कोणी उघडायच्या या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. आमच्या नावावर तुम्ही लढू शकत नाही, एवढे ते विधान होते. शिवाय विनोबांना भाबडे समजणे बरोबर नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेल्या गीता-प्रवचनांत त्यांनी एका न्यायाधीशाचा दृष्टान्त सांगितला आहे. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे एके दिवशी स्वतःचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो आणि मग त्याला फाशीची शिक्षा अमानुष असल्याचा साक्षात्कार होतो. अर्जुनाची करुणा विनोबांना या जातीची वाटते. समोर आपलेच लोक दिसले म्हणून आलेला युद्धाचा वीट हा मोह आहे, ती अहिंसा नव्हे, असे ते म्हणतात. आठ वर्षांनी पवनारला बोलणारा माणूस हा फरक ओळखून बोलत होता.

शब्दवेल, गांधारीचा उल्लेख केल्याबद्दल तुमचे आभार. विनोबांच्या न्यायाधीशासमोर तिलाच उभे करायला हवे.

बर्डीकर

मराठीत या विषयावर काही नाही असे कोणी म्हणण्याआधी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची आठवण करून देतो. १९३९ ची कादंबरी आहे. युद्ध अजून पेटायचे आहे, तोफ एकही उडत नाही, सगळी कथा युरोपातून निघालेल्या एका जहाजावर घडते, आणि तरीही जर्मनीतून हाकललेल्या ज्यू निर्वासितांत बसलेली हेर्टा आणि मराठी चक्रधर यांच्यातून युद्ध काय करते ते कळते. चक्रधर तिच्यासाठी उभा राहत नाही. वेळ असते, संधी असते, तो उभा राहत नाही, आणि ती समुद्रात जीव देते. धरमपेठकरांच्या कसोटीची ही उलटी बाजू आहे: सभेत गप्प बसलेल्या माणसाची कादंबरी.

इंदोरा_वाचक

विहारातील म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आता हीच कादंबरी सांगेन.

सिद्धार्थाच्या कथेतील शेवटचा भाग येथे कोणी लिहिला नाही, तो नोंदवतो. त्याने घर सोडल्यावर काही काळाने परिव्राजक, म्हणजे फिरते संन्यासी, येऊन त्याला सांगतात की शाक्य आणि कोलिय यांच्यात समेट झाला आहे. लोकांनी युद्धाविरुद्ध आवाज उठवला, मिरवणुका काढल्या, आणि संघाला ठराव गुंडाळावा लागला. म्हणजे सभेत हरलेली सूचना रस्त्यावर जिंकली. आता परत जायला हरकत नव्हती. पण तो जात नाही. राजांराजांतील युद्धे कधीतरीच होतात; वर्गावर्गांतील, घराघरांतील झगडा मात्र अखंड चालू असतो आणि दुःखाचे मूळ तेथे आहे, असा विचार करून तो पुढे निघतो. बाबासाहेबांना शांततेचा अर्थ केवळ युद्धबंदी एवढा मान्य नव्हता.

माजी_सैनिक_कामठी

सर्वांची उत्तरे वाचली. ब्रिटन बाईंविषयी मला माहिती नव्हती. त्यांचे लेखन मिळवून वाचणार आहे, कारण निःशस्त्र नागरिकांवर हल्ला नको हा नियम आम्हालाही शिकवला जातो आणि तो मोडणाऱ्याची लाज आम्हालाच सर्वाधिक वाटते. सिंह सेनापतीचा संवाद मला पटला. सर्व उपाय थकले आहेत हे ठरवणार कोण, हा प्रश्न मात्र त्यात सुटलेला नाही, आणि तो लेखकांवर किंवा सैनिकांवर सोडून भागणार नाही; तो संसदेत विचारला गेला पाहिजे.

पवनारच्या भाषणाबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही. आपली वाचनबैठक पुढच्या वेळी कोठे आणि कधी आहे ते येथे कळवावे. ससून यांचे निवेदन आणि संघातील मतदानाचे प्रकरण एकापाठोपाठ मोठ्याने वाचावे, अशी माझी सूचना आहे. निवेदन मी वाचेन.